स्वतःचीच नक्कल करणारा नर्तक: मिन्स्ट्रेल शोच्या जाहिराती पुरावा म्हणून कशा वाचायच्या?

मंडळी, मागच्या लेखात आपण प्राथमिक आणि दुय्यम साधनांमधला फरक पाहिला. त्यावर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: जाहिरात कुठल्या खणात टाकायची? ती त्याच काळातली असते, म्हणजे प्राथमिक साधन झालं. पण ती माल खपवायला छापलेली असते. मग तिच्यावर विसंबायचं कितपत?

याचं उत्तर मी एका उदाहरणावरून देणार आहे आणि उदाहरण मुद्दामच अवघड घेतलंय: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या मिन्स्ट्रेल शोमधल्या नर्तकांच्या जाहिराती. मी पदार्थविज्ञानातली. नाट्यइतिहास माझा विषय नाही. पण या कागदांनी उभा केलेला प्रश्न प्रयोगशाळेतही रोज पडतो: समोर जे दिसतंय ते निरीक्षण आहे की कुणीतरी आधीच काढून ठेवलेला निष्कर्ष?

आधी थोडी पार्श्वभूमी

मिन्स्ट्रेल शो म्हणजे काय? बूच जाळून केलेली काजळी गोऱ्या कलाकारांनी तोंडाला फासायची, ओठ भलेमोठे रंगवायचे आणि कृष्णवर्णीय माणसांची टिंगल करत गाणी, नाच, विनोद सादर करायचे. 1830च्या आसपास टी. डी. राइस हा नट 'जिम क्रो' नावाच्या सोंगामुळे गाजला. पुढे अमेरिकेतल्या वंशभेदाच्या कायद्यांना हेच नाव चिकटलं. 1843मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' ही चौघांची कंपनी उभी राहिली. फिडल, बँजो, टँबरीन आणि हाडांच्या चिपळ्या एवढ्या सामानावर त्यांनी संध्याकाळभराचा कार्यक्रम बसवला आणि तो साचा पुढे अनेक दशकं चालला. हे सगळं सुरू झालं तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी कायदेशीर होती. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

आता जाहिरातीचा कागद कसा होता ते बघू. सुरुवातीची हँडबिलं आणि भिंतीवरची पत्रकं म्हणजे मुख्यतः अक्षरंच. शिशाच्या टाइपात फार मोठं अक्षर ओतणं जड पडायचं आणि महागही. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सनं 1827च्या सुमारास लाकडी टाइप मोठ्या प्रमाणावर तयार करायची पद्धत काढली आणि वीतभर उंचीची अक्षरं स्वस्त झाली. तेव्हापासून पत्रकं ओरडायला लागली. मधेमधे लाकडात कोरलेलं एखादं चित्र असायचं, पण तो ब्लॉक बहुतेक वेळा मुद्रकाच्या कपाटातला, आज या कलाकारासाठी आणि उद्या त्या. शतकाच्या उत्तरार्धात शिळाछापाचं रंगीत तंत्र रुळलं आणि सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीसारखे मुद्रक झगझगीत पोस्टरं काढू लागले.

म्हणजे पहिली गोष्ट लक्षात घ्या. चित्रातला उडी मारणारा माणूस हा त्या नर्तकाकडे बघून काढलेला असेलच असं नाही. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: पोस्टर नाचाच्या आधी छापतात. प्रयोग व्हायच्या आधी लिहिलेला हा निष्कर्ष आहे. त्याला नाचाची नोंद म्हणून वाचायला गेलात की घोळ सुरू.

जुबा नावाचा मुलगा

आता एक नर्तक घेऊ. संदर्भग्रंथांत त्याचं नाव विल्यम हेन्री लेन असं मिळतं, जन्म साधारण 1825. रंगभूमीवर तो 'मास्टर जुबा'. तो कृष्णवर्णीय होता आणि गोऱ्यांच्या कंपनीत, गोऱ्या प्रेक्षकांसमोर नाचला. 1840च्या दशकात अशी संधी अगदी मोजक्या लोकांना मिळाली. आजच्या टॅप नृत्याचा वंशवेल मांडताना त्याचं नाव हटकून येतं. विस्मरणातून त्याला बाहेर काढलं ते मुख्यतः मेरियन हॅना विंटर यांनी 1947मध्ये लिहिलेल्या लेखानं.

त्याच्या नाचाचं चलच्चित्र असणं शक्यच नव्हतं. उरलंय काय? जाहिराती, वर्तमानपत्रांतली परीक्षणं, एक-दोन चित्रं आणि आठवणी. यांतल्या तीन जाहिराती आपण परीक्षकाच्या नजरेनं तपासू.

पहिली 1844ची, वर्तमानपत्रातली. जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या बॉवरी अँफिथिएटरमध्ये जॉन डायमंड आणि जुबा यांची जुगलबंदी, पैज दोनशे डॉलरची. जाहिरातीतली विशेषणं बघा. गोरा डायमंड 'ओरिजिनल', म्हणजे अस्सल. जुबा मात्र 'रंगीत पोरगा'. डायमंड काजळी फासून कृष्णवर्णीयांच्या नाचाची नक्कल करणारा, तरी अस्सल तोच. तुम्हाला हा सरळ ढोंगीपणा वाटेल आणि तो आहेच. पण त्यात व्यवहाराचाही भाग आहे. डायमंड आडनाव लावून नाचणारे त्या काळात एकाहून अधिक होते. 'अस्सल' हा शब्द बाजारातल्या दुसऱ्या डायमंडांना उद्देशून असण्याची शक्यता दिसते. पुण्या-मुंबईत शेजारीशेजारी दोन दुकानांवर 'मूळ व अस्सल' अशी पाटी दिसली की आपण काय समजतो? की भांडण चालू आहे. जाहिरातीत एखादा दावा ठळक होतो तेव्हा समजावं की त्या दाव्याला त्या वेळी कुणीतरी आव्हान देत होतं. दावा खरा की खोटा हे तेवढ्यावरून कळत नाही, पण वाद कशावर होता हे मात्र नक्की कळतं.

दुसरी जाहिरात 1845ची. माझ्या मते या सगळ्या कागदांमधला सर्वांत मोलाचा कागद हाच. 'जॉर्जिया चँपियन मिन्स्ट्रेल्स' या कंपनीचं हे हँडबिल. कार्यक्रमाच्या शेवटी जुबाचा 'नकलांचा नाच' आहे. अमेरिकेतल्या नामांकित मिन्स्ट्रेल नर्तकांच्या तो हुबेहूब नकला करणार. पुढे सात जणांची यादी, प्रत्येकाच्या गावासकट. त्यात रिचर्ड पेलहॅम आणि फ्रँक ब्राउअर आहेत, म्हणजे मघाच्या 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स'मधले दोघं. त्यात जॉन डायमंड आहे. त्याच यादीत फ्रँक डायमंडही आहे. आणि हे सगळं झाल्यावर जुबा स्वतःची नक्कल करून दाखवेल, म्हणजे आजवर नाच म्हणून जे चाललं होतं त्यात आणि याच्यात केवढी तफावत आहे ते प्रेक्षकांना दिसेल, असं हँडबिल सांगतं.

स्वतःची नक्कल! हा शब्दप्रयोग दोनदा वाचा. आपल्याकडे 'नक्कल' शब्दाला दोन अर्थ आहेत: सोंग काढणं आणि कागदाची प्रत. अस्सल बाजूला ठेवून आपण साक्षांकित प्रत जोडतो ना, तसंच काहीसं इथे चाललंय. बाजारात चलन होतं नकलांचं. त्यामुळे ज्याच्या समाजाची नक्कल सगळे करत होते त्याला स्वतःचा नाचसुद्धा 'नक्कल' या लेबलाखालीच विकावा लागला. बहुतेक समीक्षक इथे थांबतात आणि हा विरोधाभास अधोरेखित करतात. बरोबरच आहे ते.

पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला या हँडबिलात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. कार्यक्रमाची रचना बघा. आधी सात ज्ञात नमुने, एकाच अंगानं, एकाच रंगमंचावर, एकाच प्रेक्षकांसमोर सादर केलेले. मग आठवा, स्वतःचा. म्हणजे तुलनेसाठी नियंत्रित नमुने ठेवून केलेला प्रयोगच झाला हा! 'जगातला सर्वश्रेष्ठ' हा दावा तपासता येत नाही. 'यांची अशी, यांची तशी आणि माझी ही, फरक तुम्हीच बघा' हा दावा तपासता येतो. प्रेक्षकांत पेलहॅमला किंवा डायमंडला पाहिलेला कुणी असेल तर नक्कल फसली की तो लगेच ओरडणार. मोठमोठ्या विशेषणांच्या त्या जमान्यात हँडबिलात खोटं ठरू शकेल असं विधान छापणं, याला धाडस लागतं. ही कल्पना जुबाची की मॅनेजरची हे कागदावरून ठरवता येणार नाही. पण ती पार पाडायची ताकद ज्याच्या पायात होती तो जुबाच. सात जणांच्या लकबी वेगवेगळ्या करून दाखवायच्या तर त्या आधी वेगवेगळ्या ओळखता यायला हव्यात. वर्गीकरण करणारा अभ्यासक होता हा माणूस.

डिकन्सचा हवाला

तिसरी जाहिरात लंडनची, 1848ची. पेलहॅमचा भाऊ गिल्बर्ट पेल यानं आपल्या 'सेरेनेडर्स' कंपनीबरोबर जुबाला इंग्लंडला नेलं आणि व्हॉक्सहॉल गार्डन्समध्ये त्याचे कार्यक्रम झाले. तिथे त्याचं नाव 'बॉझचा जुबा' असं झळकलं. बॉझ म्हणजे चार्ल्स डिकन्स, त्याचं सुरुवातीचं टोपणनाव. डिकन्स 1842मध्ये अमेरिकेत गेला होता. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीतल्या एका तळघरवजा नाचघरात त्यानं एका कृष्णवर्णीय तरुणाचा नाच पाहिला आणि 'अमेरिकन नोट्स' या पुस्तकात त्याचं भरभरून वर्णन केलं. कंपनीनं तो उतारा जाहिरातीत वापरला. बॉझनं ज्याची तारीफ केली तो हाच!

आता मेख बघा. डिकन्सनं पुस्तकात त्या नर्तकाचं नाव दिलेलंच नाही. 'तो तरुण म्हणजे जुबा' हे आज शेकडो ठिकाणी छापलेलं वाक्य आहे, आणि ते लोकांच्या मनात पक्कं बसवलं ते जाहिरातीनं. ते खरं असण्याची शक्यता चांगली आहे: काळ जुळतो, गाव जुळतं, वर्णनही जुळतं. पण 'शक्यता चांगली आहे' आणि 'डिकन्सनं जुबाला पाहिलं' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं विधान करताना तुम्ही पुरावा तोलताय. दुसरं करताना तुम्ही नकळत गिल्बर्ट पेलचं प्रसिद्धीचं काम करताय, तेही पावणेदोनशे वर्षांनंतर आणि फुकट.

असाच दुसरा दुवा थॉमस लो निकोल्सच्या 1864च्या आठवणींतला. सर्कसवाला म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेला पी. टी. बार्नम याच्याकडे आधी डायमंड नाचायचा. तो निघून गेल्यावर बार्नमला फाइव्ह पॉइंट्समध्ये एक मुलगा सापडला, डायमंडहून सरस. पंचाईत एकच: तो खरोखरच कृष्णवर्णीय होता आणि प्रेक्षकांना ते चाललं नसतं. मग बार्नमनं त्याच्या काळ्या चेहऱ्यावर बुचाची काजळी फासली, ओठ रंगवले, डोक्यावर टोप चढवला. काळा माणूस, काळ्या माणसाचं सोंग घेतलेल्या गोऱ्या माणसाच्या सोंगात. हा मुलगा जुबाच असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गोष्ट इतकी नेमकी बसते की मोह आवरत नाही. पण आठवणी वीसेक वर्षांनंतर लिहिलेल्या आहेत आणि 'असावा' हे क्रियापद तिथून हलवता येत नाही. सिनॉप्सिस लिहिताना 'असावा'चं 'होता' कधी होतं, त्यावर डोळा ठेवा. संदर्भांच्या साखळीत प्रत्येक कडीला हे रूपांतर थोडंथोडं होत जातं.

कानांसाठीचा नाच, डोळ्यांसाठीचा कागद

या सगळ्यात नाच कुठे आहे? जुबाची कला मुख्यतः आवाजाची होती. पावलांनी काढलेले ताल, त्यांचा वेग, त्यांतले विराम. नंतरच्या काळातल्या अशा नृत्यस्पर्धांबद्दल लिहिताना एक पंच रंगमंचाच्या खाली बसायचा असं सांगतात, म्हणजे पाय बघायचेच नाहीत, फक्त टापा मोजायच्या. ज्या कलेचा पंच डोळ्यांवर विसंबत नाही, तिचं पोस्टर काय दाखवणार? 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नं ऑगस्ट 1848मध्ये व्हॉक्सहॉलमधल्या जुबाचं चित्र छापलं. एक क्षण, एक पवित्रा. उपयोगी आहे, पण तालाची मोजणी त्यातून निघत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर सिग्नल एका माध्यमात आहे आणि आपलं उपकरण दुसऱ्याच माध्यमाचं.

म्हणूनच पोस्टरांत नाचाच्या जागी चेहरा आला. यादवी युद्ध संपल्यावर, 1865पासून चार्ल्स हिक्ससारख्यांनी कृष्णवर्णीय कलाकारांच्याच 'जॉर्जिया मिन्स्ट्रेल्स' कंपन्या काढल्या आणि त्यांच्या जाहिराती 'आमचे खरेखुरे' यावर भर देऊ लागल्या. त्या परंपरेतला बिली कर्सँड्स 'एसेन्स' नावाच्या संथ, घसरत्या पदन्यासासाठी नावाजलेला होता. पण प्रसिद्धीत त्याचं भलंमोठं तोंडच पुढे यायचं. तोंडाचे विनोद तो स्वतः करायचा हे खरं. तरी तोंड कागदावर छापता येतं, 'एसेन्स' छापता येत नाही, हेही तितकंच खरं.

1900 सालचं एक पोस्टर तुम्ही इंटरनेटवर नक्की पाहिलं असेल. विल्यम एच. वेस्टच्या कंपनीसाठी स्ट्रोब्रिजनं छापलेलं. बिली व्हॅन या कलाकाराचा आधी गोरा चेहरा, मग काजळी फासलेला. व्हॅन एकपात्री विनोदवीर होता, नर्तक नव्हे, पण या धंद्यातल्या नर्तकांसह सगळ्यांचं गुपित हे चित्र एकदम सांगून टाकतं. छपाई म्हणून अप्रतिम काम: रंग स्वच्छ, रेष नेमकी. आणि म्हणूनच अंगावर येतं. इथे लपवाछपवी नाहीच. सोंग हे सोंग आहे असं अभिमानानं सांगितलंय. बार्नमच्या गोष्टीत प्रेक्षकांची भीती होती, इथे प्रेक्षकांबद्दल खात्री आहे. नाचाबद्दल या पोस्टरातून शून्य माहिती मिळते. गिऱ्हाइकांबद्दल मात्र भरपूर.

आणि हे गिऱ्हाईक फक्त अमेरिकेत नव्हतं. 1860च्या दशकात डेव्ह कार्सन हा अमेरिकन मिन्स्ट्रेल नट आपल्या कंपनीबरोबर हिंदुस्थानात आला. मुंबईत आणि कलकत्त्यात त्यानं खेळ केले आणि तिथल्याच लोकांची सोंगं कार्यक्रमात घुसवली. त्याचा 'बंगाली बाबू' गाजला. कलकत्त्यात अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी 'मुस्तफी साहेबका पक्का तमाशा' करून साहेबांचीच टर उडवली. साचा तोच ठेवून टिंगलीचा माणूस बदलता येतो हे कार्सनला कळलं होतं. ते मुस्तफींनाही कळलं.

मग स्लाइडवर लावायचं की नाही?

आता तुमच्या कामाचं. असं एखादं पोस्टर सादरीकरणात टाकायचा मोह होतो. खोली जागी होते, विषय गंभीर वाटतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्या चित्राचं वाचन तुम्ही करणार नाही ते लावू नका. सजावट म्हणून लावलेलं ब्लॅकफेसचं पोस्टर आजही ज्यासाठी छापलं होतं तेच काम करतं: एका समाजाचा विकृत चेहरा लोकांसमोर नेतं. वाचणार असाल तर जरूर लावा आणि निदान चार प्रश्नांची उत्तरं जवळ ठेवा.

एक: हा कागद कार्यक्रमाआधी छापला की नंतर? दोन: यातलं चित्र याच माणसाचं आहे असं कशावरून? तीन: कुठला शब्द सर्वांत मोठ्या टाइपात आहे आणि त्या दाव्याला त्या वेळी कोण आव्हान देत होतं? चार: यात खोटं ठरू शकेल असं एक तरी विधान आहे का? असेल तर तिथून सुरुवात करा. तारीख, जागा, पैजेची रक्कम, नक्कल होणाऱ्यांची यादी: ही विधानं कंटाळवाणी दिसतात, पण दुसऱ्या साधनाशी ताडून बघता येतात. 'जगप्रसिद्ध' ताडून बघता येत नाही.

जुबाबद्दल दोन टोकाची वाचनं प्रचलित आहेत. एकात तो फक्त बळी आहे, दुसऱ्यात 'टॅपचा जनक'. पहिलं वाचन पोस्टरातल्या चित्रावर थांबतं, दुसरं पोस्टरातल्या विशेषणांवर विश्वास ठेवतं. दोन्हीकडे अखेरचा शब्द पोस्टरवाल्याचाच. 1845च्या त्या हँडबिलातली यादी वाचली की तिसरा माणूस दिसतो: विशीतला एक व्यावसायिक, जो प्रतिस्पर्ध्यांचं काम त्यांच्याहून बारकाईनं जाणत होता आणि ते चारचौघांत सिद्ध करायला तयार होता. 1850च्या दशकाच्या सुरुवातीला, तिशीही न गाठता तो गेला असं मानतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं वय आज तेवढंच असेल. त्याच्याबद्दल एखादं वाक्य लिहायची वेळ आली, तर ते पेलच्या जाहिरातीतून उचललेलं नसावं एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

पुढच्या लेखात परीक्षणांकडे वळू: वर्तमानपत्रातला समीक्षक हा साक्षीदार म्हणून किती भरवशाचा? तोवर एक सराव करा. तुमच्या विषयातली कुठलीही एक जुनी जाहिरात घ्या. औषधाची, यंत्राची, पुस्तकाची, काहीही चालेल. वरचे चार प्रश्न तिला विचारा आणि उत्तरं प्रतिक्रियांमध्ये लिहा.